टोपीच्या बंदुकीचा फसलेला बार : कारणे, साफसफाई आणि परिभाषा

१. विषयप्रवेश

गाजावाजा करून मांडलेली एखादी गोष्ट ऐनवेळी निष्फळ ठरली म्हणजे तिला आपण मराठीत ‘फुसका बार’ म्हणतो. ‘बत्ती देणे’, ‘प्रश्नांची सरबत्ती’, ‘बार उडवून देणे’ हे प्रयोगही याच कुळातील आहेत. ते ज्या यंत्रापासून निघाले ते यंत्र मात्र बहुतेक अभ्यासकांनी पाहिलेले नसते. त्यामुळे जुने कागद संपादताना, इंग्रजी युद्धवर्णनांचे भाषांतर करताना अथवा कोशातील नोंद तपासताना ‘बार फसला’ या दोन शब्दांमागे नेमके काय घडले असेल, याचा उलगडा होत नाही.

हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. तोंडाकडून भरावयाच्या बंदुका, म्हणजे ठासणीच्या बंदुका, आजही वापरात आहेत. युरोप-अमेरिकेत जुन्या नमुन्याबरहुकूम बनविलेल्या रायफलींच्या नेमबाजीच्या स्पर्धा होतात व त्यांची आंतरराष्ट्रीय समिती १९७१ सालापासून काम करीत आहे. भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमातील १३व्या कलमात पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेपोटी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. अशी बंदूक हाताळणाऱ्याने ‘बार फसला’ याचा अर्थ चुकीचा लावला, तर त्याची किंमत डोळ्याने किंवा हाताने मोजावी लागते. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम यंत्राची रचना, नंतर बार फसण्याची कारणे व त्यांवरील उपाय, आणि शेवटी परिभाषेचा विचार अशा क्रमाने विवेचन केले आहे.

२. प्रज्वलनाचे चार दुवे

बंदुकीतील दारू पेटविण्याच्या पद्धतींचा इतिहास स्थूलमानाने तीन टप्प्यांचा आहे. पहिल्यात जळता तोडा, दुसऱ्यात चकमक आणि तिसऱ्यात टोपी. पहिल्या दोन टप्प्यांत नळीच्या बाहेर एका पाळीवर थोडी बारीक दारू ठेवीत. तिला रंजक म्हणत. ती पेटली म्हणजे तिची ज्वाला नळीच्या कानातून आत जाई. वारा आणि पाऊस हे या रंजकेचे हाडवैरी होते. शिवाय रंजक पेटल्यापासून बार होईपर्यंत किंचित वेळ जाई व रंजकेचा झोत पाहून पक्षी उडून जात. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ यांना शिकारीत ही अडचण जाणवली. आघाताने पेटणाऱ्या रसायनांचा उपयोग करून त्यांनी १८०७ साली नव्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे तेच रसायन तांब्याच्या लहानशा वाटीत भरण्याची युक्ती निघाली. तीच टोपी होय. तिच्या जनकत्वाचे दावेदार अनेक असले तरी जोशुआ शॉ यांचे अमेरिकेतील पेटंट १८२२ सालचे आहे.

या सुधारणेचे महत्त्व एका चाचणीवरून ध्यानात येते. १८३४ साली वुलिच येथे ब्रिटिश लष्कराने चकमकीच्या व टोपीच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बार उडवून पाहिले. चकमकीचे ९२२ बार फसले, तर टोपीचे अवघे ३६. म्हणजे पहिल्या प्रकारात दर साडेसहा बारांमागे एक आणि दुसऱ्यात दर १६६ बारांमागे एक. तात्पर्य, टोपीची बंदूक ही मुळात विश्वासार्ह आहे. ती वारंवार फसत असेल तर दोष पद्धतीत नसून त्या विशिष्ट बंदुकीच्या देखभालीत अथवा भरण्याच्या रीतीत आहे, असे समजावे.

या बंदुकीत प्रज्वलनाचे चार दुवे असतात. कमानीच्या जोराने घोडा टोपीवर आदळतो, हा पहिला. टोपीतील रसायन पेटते, हा दुसरा. टोपी ज्या पोकळ पोलादी खुंटीवर बसविलेली असते तिच्या छिद्रातून आणि पुढील अरुंद मार्गातून ज्वाला आत जाते, हा तिसरा. नळीच्या तळाशी ठासलेली दारू पेटते, हा चौथा. या खुंटीला व्यवहारात ‘निपल’ हाच इंग्रजी शब्द रूढ आहे. येथे सोयीसाठी ‘खुंटी’ म्हटले आहे. बार फसण्याचे प्रत्येक कारण या चारांपैकी कोणत्या तरी एका दुव्यावर बसविता येते. निदानाची सारी पद्धत एवढ्या एका विधानावर उभी आहे.

३. प्रथम थांबावे

कारणे शोधण्यापूर्वी एक नियम सांगणे अवश्य आहे. घोडा पडला आणि बार झाला नाही, तर बंदुकीचे तोंड होते त्याच सुरक्षित दिशेला रोखून धरावे व निदान एक मिनिटभर स्वस्थ थांबावे. तिसऱ्या दुव्यातील मार्ग अर्धवट तुंबलेला असेल किंवा तळाची दारू ओलसर असेल, तर ठिणगी आत धुमसत राहून बार काही क्षणांनी होऊ शकतो. घोडा पडण्याच्या क्षणी ‘फसलेला’ बार आणि ‘रेंगाळलेला’ बार यांच्यात बाहेरून काहीच फरक दिसत नाही. दोहोंत भेद करणारी गोष्ट केवळ काळ होय. बार का झाला नाही हे पाहण्यासाठी नळीच्या तोंडाशी चेहरा नेणे, हा या विद्येतील सर्वांत घातक प्रमाद आहे.

याच्या उलट बाजूचा प्रमादही इतिहासात नमूद आहे. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या बंदुकांत एकावर एक दोन बार ठासलेले होते, असे त्या काळच्या अहवालात म्हटले आहे. एका नळीत तर २३ बार निघाले. या आकड्यांचा अर्थ कसा लावावा याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु रणधुमाळीत आपला बार झालाच नाही हे न कळल्याने शिपाई पुन्हा दारू-गोळी भरीत राहतो, हे कारण त्यांत निश्चित सामावलेले असणार.

४. ध्वनीवरून निदान

थांबल्यानंतर पहिला प्रश्न असा विचारावा: टोपी वाजली काय?

टोपी मुळीच वाजली नसेल तर दोष पहिल्या दोन दुव्यांत आहे. नवी टोपी बसवून पाहावे. ती दुसऱ्या आघाताने पेटली तर पहिल्या खेपेस ती खुंटीवर पूर्ण बसलेली नव्हती, असे अनुमान निघते. पहिल्या आघाताची शक्ती टोपी खाली दाबण्यातच खर्ची पडली आणि दुसऱ्या आघाताने ती पेटली. असे वारंवार घडत असेल तर टोपीचे माप खुंटीला लहान पडते आहे, किंवा खुंटीचे डोके आघातांनी चेपून छत्रीसारखे पसरले आहे. पसरलेली खुंटी कानशीने घासून तात्पुरते काम भागते, परंतु ती बदलणे हाच खरा उपाय होय. याउलट टोपी मोठी असेल तर ती सैल बसते व घोडा पडण्यापूर्वीच गळून पडते.

टोपी योग्य असूनही पेटत नसेल तर घोड्याकडे पाहावे. त्याच्या पोकळ तोंडात जुन्या टोप्यांच्या तांब्याचे तुकडे साचले असतील, तो खुंटीवर सरळ न पडता कडेला घासत असेल, अथवा लाकडी दस्त्याला घासून त्याची गती मंदावत असेल. आतील कमान जुनी होऊन दुर्बल झाली असल्यास किंवा कळीच्या यंत्रात तेल व धूळ यांचे चिकट लुकण तयार झाले असल्यास घोडा पडतो खरा, पण त्यात जोर नसतो. टोप्या दमट हवेत उघड्या राहिल्या असतील तर त्यांतील रसायनच निकामी झालेले असते. डबीतील दुसरी टोपी मोकळ्या बंदुकीवर वाजवून पाहिली म्हणजे याचा निर्णय लागतो.

टोपी स्वच्छ वाजली आणि तरीही बार झाला नाही, तर दोष तिसऱ्या वा चौथ्या दुव्यात आहे. येथील कारणे संख्येने थोडी, परंतु अनुभवाला अधिक वेळा येणारी आहेत.

५. टोपी वाजली, बार नाही

सर्वांत सामान्य कारण तेल हे आहे. बंदूक साफ करून, तेल लावून, तोंड वर करून भिंतीला टेकवून ठेवली म्हणजे तेल हळूहळू खाली उतरते आणि नळीच्या तळाशी व खुंटीच्या मार्गात साचते. पुढे तिच्यात दारू भरली की तळाची दारू त्या तेलाने भिजते. मालकाने बंदुकीची काळजी घेतली म्हणूनच तिचा पहिला बार फसतो, असा हा विरोधाभास आहे. यावर उपाय सोपा आहे. भरण्यापूर्वी कोरडी चिंधी गजाला लावून नळी तळापर्यंत पुसावी, खुंटीच्या छिद्रातून बारीक तार फिरवावी आणि मोकळ्या बंदुकीवर दोन-तीन टोप्या वाजवाव्या. शेवटची टोपी वाजविताना बंदुकीचे तोंड जमिनीवरील एखाद्या गवताच्या पात्याजवळ धरावे. पाते हालले तर मार्ग मोकळा आहे. ते निश्चल राहिले तर बंदूक भरण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण काजळी. अनेक बार उडविल्यावर खुंटीचे छिद्र आणि तिच्यापुढील मार्ग जळक्या मळाने अरुंद होतो. दारू भरल्यावर बंदुकीच्या बाजूवर हलकेच थाप मारण्याची नेमबाजांची सवय निरर्थक नाही. त्यायोगे दारूचे काही कण मार्गात शिरतात आणि ज्वालेला जवळचे इंधन मिळते. तिसरे कारण म्हणजे दारूचा ओलावा किंवा तिचा प्रकार. काळ्या दारूच्या जागी वापरली जाणारी काही आधुनिक मिश्रणे पेटण्यास अधिक उष्णता मागतात. काळ्या दारूवर बिनतक्रार चालणारी बंदूक त्यांच्यावर अडखळू शकते.

चौथे कारण हास्यास्पद वाटले तरी नित्याचे आहे. ते म्हणजे दारू न भरताच गोळी ठासणे. याची परीक्षा गजाने होते. प्रत्येक बंदुकीच्या गजावर दोन खुणा करून ठेवाव्या, एक नळी रिकामी असतानाची व दुसरी नेहमीचा बार भरलेला असतानाची. फसलेल्या बारानंतर, थांबण्याचा काळ संपल्यावर, गज नळीच्या तोंडासमोर न येता बाजूने आत सोडावा. तो भरल्याच्या खुणेहून अधिक खोल गेला तर दारू कमी आहे किंवा मुळीच नाही. तो खुणेच्या वर थांबला तर एकतर दोन बार भरले गेले आहेत किंवा गोळी दारूवर टेकलेली नाही. दारू व गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिलेली बंदूक उडविल्यास नळी फुगण्याचा वा फुटण्याचा संभव असतो. म्हणून अशी बंदूक कदापि उडवू नये.

६. अडकलेला बार काढणे

गजाच्या खुणेवरून बार यथास्थित असल्याची खात्री झाली, तर प्रथम छिद्रात तार फिरवून नवी टोपी लावावी व सुरक्षित दिशेने पुन्हा प्रयत्न करावा. हेही निष्फळ ठरल्यास पुन्हा थांबून खुंटी पान्याने काढावी, तिच्या जागेतून चिमूटभर बारीक दारू आत सोडावी, खुंटी परत बसवून टोपी लावावी आणि उडवावे. दारू न भरता गोळी ठासली गेली असेल, तर ती बाहेर पडण्यास बहुधा एवढी चिमूट पुरते. मात्र गोळी तळाशी पक्की टेकलेली आहे हे गजाने तपासून मगच असे करावे.

एवढ्यानेही काम न झाले तर गोळी मळसूत्राने ओढून काढावी लागते. गजाच्या टोकाला टोकदार मळसूत्र बसवून ते शिशाच्या गोळीत फिरवितात व गज बाहेर ओढतात. हे करण्यापूर्वी खुंटीच्या जागेतून पाणी सोडून आतील दारू पूर्ण भिजवावी. कोरड्या दारूवर लोखंडी मळसूत्र फिरविणे म्हणजे आपला हात जिवंत बारासमोर धरणे होय. ओढताना शरीर नळीच्या रेषेत येऊ देऊ नये.

७. साफसफाई : पाणी आधी, तेल नंतर

काळी दारू साधारणतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक यांची बनलेली असते. ती जळल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घनरूपाने उरतो. त्याचा काही अंश धूर होऊन जातो, उरलेला नळीला चिकटतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड हे क्षार असतात. ते हवेतील ओलावा ओढून घेतात आणि त्या ओलाव्यात लोखंड गंजते. जुन्या टोप्यांतील क्लोरेटमुळे पोटॅशियम क्लोराइड उरत असे. तेही मिठाप्रमाणेच गंज आणणारे आहे. आपल्या कोकणासारख्या दमट प्रदेशात न धुतलेली नळी एका रात्रीत तांबूस दिसू लागली तर नवल नाही.

हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. साफसफाईचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे. न धुतलेल्या नळीवर तेल चोपडले तर क्षार तेलाखाली झाकले जातात व गंज चालूच राहतो. शिवाय खनिज तेल व काजळी मिळून डांबरासारखा चिवट थर तयार होतो. तोच पुढे खुंटीचा मार्ग बुजवितो.

रीत येणेप्रमाणे आहे. बंदूक रिकामी असल्याची गजाने खात्री करावी. खुंटी काढून गरम पाण्यात टाकावी. नळी दस्त्यापासून सहज सुटणारी असेल तर ती सोडवून तिचे मागील टोक गरम साबणपाण्याच्या बादलीत बुडवावे. गजाला घट्ट चिंधी लावून तो पिचकारीप्रमाणे वर-खाली केला म्हणजे खुंटीच्या जागेतून पाणी आत ओढले जाते व काजळी घेऊन बाहेर फेकले जाते. या वेळी नासक्या अंड्याचा वास येतो, तो सल्फाइडचा होय. पाणी निर्मळ येईपर्यंत हे चालू ठेवावे आणि शेवटी कढत स्वच्छ पाणी घ्यावे. कढत पाण्याने नळी तापते व आपोआप सुकू लागते. लष्करी नमुन्याप्रमाणे कड्यांनी आवळलेली नळी दरवेळी सोडविण्याची गरज नाही. तिच्यात तोंडाकडून पाणी ओतून तेच काम करता येते, फक्त लाकडात पाणी मुरू देऊ नये.

काही बंदुकांच्या नळीचा तळ मूळ व्यासाहून अरुंद असतो. तेथे नेहमीची चिंधी पोचत नाही व मळ वर्षानुवर्षे राहतो. वरून लखलखीत दिसणारी बंदूक वारंवार फसत असेल तर प्रथम या जागेचा संशय घ्यावा व ती लहान ब्रशने घासावी. त्यानंतर कोरड्या चिंध्या फिरवून, खुंटीचे आटे पुसून, त्यांवर किंचित वंगण लावून खुंटी बसवावी. कळीचे यंत्र वर्षातून काही वेळा उघडून पुसले तरी पुरते. मात्र खुंटीच्या बाजूने ज्वाला आत शिरत असेल तर दरवेळी पाहावे. सर्वांत शेवटी नळीत तेलाचा अगदी पातळ थर द्यावा, आणि बंदूक तोंड खाली करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून ती तांबूस निघत नाही ना, हे पाहणे हा साफसफाईचा शेवटचा भाग होय.

८. काजळी आणि १८५७

वरील रसायनशास्त्राचा संबंध आपल्या इतिहासाशी निकटचा आहे. १८५३च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही टोपीची ठासणी-बंदूकच होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि आतील पेचदार खाचा तीन. रायफलीत गोळी खाचांना घट्ट बसावी लागते, आणि काही बारांनंतर काजळीने नळी अरुंद झाली म्हणजे घट्ट गोळी ठासणे दुष्कर होते. म्हणून एन्फील्डची गोळी नळीहून किंचित लहान, उडताना प्रसरण पावणारी केली आणि तिच्याभोवतीच्या कागदाला वंगण लावले. वंगणाचे काम काजळी मऊ ठेवणे हे होते. हे वंगण प्राण्यांच्या चरबीचे असल्याच्या वार्तेने, आणि काडतूस दातांनी तोडण्याच्या कवायतीने, पुढील स्फोट घडविला. वास्तविक हाताने काडतूस फाडण्याची मुभा त्याच वर्षी देण्यात आली होती, तथापि विश्वास उडालेला होता. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठ येथे ९०पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेण्याचे नाकारले व १० मे रोजी तेथे उठाव झाला. उठावाची कारणे अर्थातच याहून कितीतरी खोल होती. परंतु ‘काडतुसाला चरबी कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर नळीच्या साफसफाईत आहे, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते.

९. शब्दांविषयी

यंत्र समजल्यावर शब्दांच्या काही गाठी सुटतात.

पहिली गाठ रंजक व टोपी यांची. टोपीच्या बंदुकीत रंजक नसते. सबब ज्या वर्णनात रंजक येते ती बंदूक तोड्याची वा चकमकीची होय, आणि भाषांतरात टोपीला ‘रंजक’ म्हणणे चूक आहे. कालनिर्णयातही याचा उपयोग होतो. पेशवाई १८१८ साली संपली. त्यापूर्वीचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एखाद्या लष्करी कागदात ‘टोपीची बंदूक’ आढळली, तर संपादकाने तो पाठ अथवा तो कागद पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

दुसरी गाठ ‘घोडा’ व ‘चाप’ यांची. हे दोन्ही शब्द कधी आघात करणाऱ्या भागाला, तर कधी बोटाने ओढावयाच्या कळीला लावलेले दिसतात. येथे नामापेक्षा क्रियापद अधिक विश्वसनीय होय. घोडा ‘चढविला’ किंवा ‘पडला’ तर तो आघात करणारा भाग, ‘दाबला’ तर ती कळ. ‘चाप ओढला’ या आजच्या प्रयोगातही कळच अभिप्रेत आहे. प्रस्तुत लेखात घोडा हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला आहे.

तिसरी गाठ ‘कान’ या शब्दाची. तोफ निकामी करण्यासाठी तिच्या कानात खिळा ठोकीत. टोपीच्या बंदुकीची खुंटी तत्त्वतः याच कानाच्या जागी आलेली आहे. म्हणून कान तुंबलेली बंदूक आणि कानात खिळा मारलेली तोफ यांचा दोष जातीने एकच आहे.

शेवटी ‘फुसका बार’. वरील विवेचनावरून दिसेल की व्यवहारात तीन वेगळ्या घटना आहेत: टोपी न वाजणे, टोपी वाजूनही बार न होणे आणि बार उशिरा होणे. मराठीने या तिन्हींना ‘फसणे’ या एकाच क्रियापदाखाली गोळा केले आहे. लक्षणेच्या वापराला तेवढे पुरते. पण परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यासाठी मराठीत सूचनापत्र लिहावयाचे झाल्यास ते पुरणार नाही. ‘न उडालेला’ आणि ‘रेंगाळलेला’ बार यांना तेथे पृथक् शब्द द्यावे लागतील, कारण पहिल्यानंतर बंदूक तपासावयाची असते आणि दुसऱ्याच्या शक्यतेसाठी आधी थांबावयाचे असते. हा भेद जाणणारे जुने कारागीर विरळ होत चालले आहेत. त्यांचे शब्द टिपून ठेवण्याचे काम आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना हाती घेता येईल, आणि ते लवकर घेतले पाहिजे.